रोशेलचा उजवा गुडघा

फोटो इतका स्पष्ट होता की त्यात झकियाच्या बुटाचा मळसुद्धा दिसत होता. तरी आपण त्यात नेमकं काय करतोय, हे रोशेलला सांगता येत नव्हतं.

शाळेच्या बास्केटबॉलच्या मैदानाच्या मधोमध ती स्वतः होती, उजवा गुडघा लाकडी जमिनीला टेकलेला, मान वर. शेजारी तिची मुलगी झकिया सरळ उभी. एका हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ, दुसरा हात आईच्या खांद्यावर. मागे भिंतीवर झेंडा. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आता आईसुद्धा गुडघ्यावर!’ शुक्रवारच्या सामन्याचा फोटो रविवारपर्यंत गावातल्या प्रत्येक फोनमध्ये पोचला होता.

चर्चमध्ये बायकांनी तिला मिठ्या मारल्या. “शाब्बास गं, पोरीच्या पाठीशी उभी राहिलीस!” एक म्हणाली.

“उभी कुठे, बसली की!” दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. रोशेलही हसली. पण त्या मिठ्या तिला दुसऱ्याच्या नावावर आलेल्या पार्सलसारख्या वाटल्या. घ्याव्यात की परत कराव्यात?

सुरुवात नोव्हेंबरात झाली होती. शेजारच्या गावात पोलिसांनी टेरेल मॅबरीची गाडी अडवली आणि त्याला गोळी घालून मारलं. झकिया सात वर्षांची असताना तिच्या हातात पहिला चेंडू देणारा टेरेल. कुणावर खटलासुद्धा भरला नाही. पुढच्या सामन्याला राष्ट्रगीत सुरू झालं आणि निषेध म्हणून एकटी झकिया एका गुडघ्यावर बसली. मग प्रत्येक सामन्याला बसली. “ऊठ!” म्हणून ओरडणारी माणसं पाच मिनिटांनी तिच्याच बास्केटवर टाळ्या पिटायची. वाण्याच्या दुकानाच्या काचेवर संघातल्या सगळ्या मुलींचे फोटो होते, त्यातला तेवढा झकियाचा उतरला. काचेवर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले.

रोशेल अकरा वर्षं शाळेची चौदा नंबरची बस चालवत होती. तिचे वडील लष्करात होते. त्यांच्या शवपेटीवरचा झेंडा त्रिकोणी घडी घालून टीव्हीच्या वर काचेच्या पेटीत ठेवला होता, आणि दर शनिवारी रोशेल ती काच पुसायची. शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा सामना आला. त्या दिवशी आया मुलींचा हात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत जातात आणि गीत संपेपर्यंत तिथेच थांबतात.

“एक दिवस, बाळा,” ती म्हणाली होती. “माझ्या शेजारी उभी राहा. आजोबांसाठी म्हण हवं तर.”

“आजोबा कशासाठी लढले, ममा?”

“झालं! आता मला इतिहास शिकव.”

झकिया म्हणाली, “उभी राहीन. पण तुझ्यासाठी. आजोबांच्या नावावर खपवू नकोस.”

आणि पोरीने शब्द पाळला. दोघी मध्यावर पोचल्या तेव्हा रोशेलला दिसलं की झकियाच्या डाव्या बुटाची लेस सुटलीय. सामन्याआधी लेस रोशेलच बांधायची, दुहेरी गाठ मारून, पोर सात वर्षांची असल्यापासून. ती वाकली. दुखरा गुडघा अर्धवट वाकत नाही, म्हणून टेकला. पहिला फास घातला तोच बँड सुरू झाला, ठरल्यापेक्षा आधीच. तिने गाठ मारली, वर पाहिलं, आणि झकियाचा चेहरा दिसला. इतका मोकळा चेहरा नोव्हेंबरपासून तिने पाहिला नव्हता. खांद्यावर हात आला. पुढचं काही नीट आठवत नाही. गीत संपलं तेव्हा ती अजून खालीच होती.

गाडीत झकिया एवढंच म्हणाली, “मला वाटलंच नव्हतं, ममा.” रोशेल लेसबद्दल काही बोलली नाही.

सोमवारी बसमध्ये एकेचाळीसपैकी एकोणीसच मुलं चढली. दुपारी बस विभागाच्या प्रुइटसाहेबांनी तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. तिच्या आजारपणात त्याने स्वतः तिचा मार्ग चालवला होता.

“रोशेल, तू लेस बांधत होतीस,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या रांगेत होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दोन ओळी लिहून दे, मी वर पाठवतो. विषय संपला.”

“आणि नाही दिल्या तर, मिस्टर प्रुइट?”

“पालक म्हणतात, ही बाई बसवर नको. गुरुवारी शाळेचं बोर्ड बसणार आहे. अगं, खोटं कुठे लिहायला सांगतोय मी? तुझा त्या भानगडीशी संबंध नाही, एवढंच कळू दे लोकांना.”

त्या भानगडीशी. ती भानगड सकाळी तिच्या स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या मक्याच्या कण्या खाऊन, भांडं न विसळता शाळेत गेली होती.

संध्याकाळी तिने सांगून टाकलं. झकिया सरावाला जायला जिन्याच्या पायरीवर बसून बूट घालत होती, रोशेल शेजारी बसली.

“मी लेस बांधायला वाकले होते गं. तेवढ्यात बँड सुरू झाला.”

झकियाचा हात थांबला. “म्हणजे माझ्यासाठी नव्हतीस बसली?”

“लेस तुझीच होती की.”

“ममा, थट्टा नको.”

“नाही करत.”

झकियाने मान खाली घातली. लेस ओढली, फास, दुसरा फास, वर आणखी एक गाठ. रोशेल बघत राहिली. पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत. झकियाच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने लेस सोडली आणि पुन्हा बांधली. पुन्हा तेवढेच.

“गीत दीड मिनिटाचं असतं,” ती हळूच म्हणाली. “मग उरलेला वेळ तू खाली काय करत होतीस?”

“तेच तर कळत नाहीये गं मला.”

झकिया उठली, पिशवी खांद्याला लावली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन आईच्या डोक्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. रागावली होती की नाही, ते रोशेलला ओळखता आलं नाही. ‘येते’ न म्हणता ती गेली.

मंगळवारी सकाळी फेरीच्या आधी रोशेल प्रुइटच्या टेबलाशी बसली. लिहिलं: मी मुलीची लेस बांधायला खाली वाकले. गीत सुरू झालं. लेस बांधून झाली. मी उठले नाही.

प्रुइटने वाचून चष्मा काढला. “शेवटची ओळ खोड.”

“सगळ्यांत पक्की तीच आठवतेय मला.”

“मग गुडघा दुखत होता म्हणून लिही. तुझा गुडघा अख्ख्या गावाला माहीत आहे.”

गुडघा दुखत होताच. त्यातही खोटं काही नव्हतं. तिने कागद पुन्हा ओढला आणि लिहिलं: गुडघा दुखत होता. पेन तिथेच थांबलं. एवढ्यावर सही केली की बस तिची, ती एकेचाळीस मुलं तिची, आणि शनिवारी काच पुसताना वर बघायला हरकत नाही. फक्त पायरीवर बसून एक पोर लेस बांधत राहील आणि सेकंद मोजत राहील.

तिने पुढे लिहिलं: तो रोजच दुखतो. मी रोज उठते.

आणि सही केली.

प्रुइटने कागद पुन्हा वाचला. “रोशेल, यातून लोकांनी समजायचं काय? तू त्यांच्या बाजूची की आमच्या?”

ही ‘आमची’ बाजू कुठली, हे तिने अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही.

“माझी मुलगीसुद्धा साधारण हेच विचारते,” ती म्हणाली. “कळलं की आधी तिला सांगीन, मिस्टर प्रुइट. मग तुम्हाला.”

त्याने कागद खणात ठेवला. गुरुवारी तो वर जाणार, आणि मग काय होणार ते दोघांनाही दिसत होतं. तरी त्याने चौदा नंबरची किल्ली खुंटीवरून काढून तिच्यापुढे धरली. “तोवर मुलं थंडीत उभी राहायला नकोत.”

टेबलाला हात टेकून ती उठली. गुडघा दुखला, आणि ती उठली.