अंबाडीचं तळं

मी मासेखात्याचा माणूस. धुळ्याजवळच्या आमच्या तळ्यात वाढवलेली माशांची बोटबोट लांब पिल्लं मातीच्या हंड्यांत भरायची, गावोगावची पाणी पाहायची आणि जिथे ती जगतील तिथे सोडायची, हे माझं काम. लढाई संपली होती, धान्य मिळत नव्हतं आणि सरकारला एकाएकी माशांचं प्रेम आलं होतं. मला मात्र स्वागताची चीड होती. ज्या गावात हारतुरे, तिथलं पाणी हमखास खराब.

सोनगीरच्या पुढच्या एका गावात तर हलगीच वाजत होती. पाटील धनसिंग आबांनी मला तळ्यावर नेलं. तळं खोल होतं, पुन्हा उन्हाळ्यात आटू नये म्हणून त्यांनी मागेच गाळही काढला होता. काठ झाडून घेतल्यासारखा स्वच्छ. पाणी थोडं गढूळ दिसलं, वासही आला. पण जनावरं नुकतीच पाण्यात होती असं कुणीतरी म्हणालं आणि मला ते पटलं.

तिथे भटू भोई आणि त्याची बायको तानुबाई हात जोडून उभी होती. मागे तळं आटलं तेव्हा जुने मासे संपले आणि त्यांची मासेमारीही. तेव्हापासून दोघं लोकांच्या शेतात राबत होती. या खेपेला मासे आले नाहीत, तर घराला कुलूप लावून तापीकाठी जायचं त्यांनी ठरवलं होतं. तानुबाईला जायचं नव्हतं. तिचं एकच लेकरू याच गावात पुरलेलं होतं.

आमची परीक्षा साधी असते. थोडी पिल्लं कापड लावलेल्या टोपलीत घालून टोपली पाण्यात ठेवायची आणि सकाळी पाहायची. सकाळी मी टोपली उचलली. सगळी पिल्लं पोट वर करून तरंगत होती.

मी तळ्याला फेरी मारली. पलीकडच्या बाभळींमागे काळ्या, चिकट काड्यांच्या ओल्या पेंढ्यांची रास लागली होती. अंबाडी. दोरांसाठी वाख सोडवायला ती आठवडेच्या आठवडे पाण्यात कुजत घालतात, आणि त्या कुजण्यात पाण्याचा जीव जातो.

"तुमना मासासाठे बठ्ठी अंबाडी काढी टाकी!" आबा अभिमानाने म्हणाले. "तानुबाई घरघर फिरनी, हातपाय जोडात. परवा सूर्य मावळेपर्यंत पाणीमाच होती बिचारी."

मला ब्रह्मांड आठवलं. पेंढ्या ओढताना तळाशी साचलेला अंबाडीचा कुजका गाळ सगळ्या तळ्यात पसरला होता. टोपलीतल्या पिल्लांना त्यानेच मारलं होतं.

गाळ बसेल, पाणी निवळेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी आबांना विचारलं, "पुढच्या वर्षी अंबाडी कुठे भिजवाल?"

आबा नदीकडे पाहू लागले. मासे होते तेव्हा अंबाडी तिथेच भिजायची; आता नदी कार्तिकातच कोरडी पडायची. मग स्वतःच्या विहिरीकडे पाहिलं. तिथे मोटेला अंबाडीचाच नाडा होता; त्याशिवाय पाणी निघणार नव्हतं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? पण पुढच्या वर्षी अंबाडी याच पाण्यात पडणार होती, आणि तिथे मी मासे सोडू शकत नव्हतो.

"हे पाणी माशांना चालणार नाही," मी म्हणालो.

तानुबाई पुढे आली. तिच्या हातांना अजून तो वास येत होता. "साहेब, आम्ही अंबाडी काढी, म्हणून मरी गयात का मासा?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण मासे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होते. "या वेळी त्यामुळे मेले," मी म्हणालो. "पण काढली नसती, तरी पुढे मेलेच असते."

तिने मान हलवली. रडली नाही. मलाच वाईट वाटलं.

उरलेले हंडे त्याच दिवशी पलीकडच्या गावी न्यायला हवे होते. मी बैलगाडी मागवली.

"गाडीमा हंडा फुटतीन," तानुबाई म्हणाली. "आम्ही डोकावर लई चालसूत."

वाटभर ती हंडा हलकेच डुलवत होती. पाणी हललं नाही तर आतली पिल्लं गुदमरतात, हे तिला सांगावं लागलं नाही. भटू मागून तसाच चालत होता.

पलीकडच्या गावच्या तळ्यात अंबाडी नव्हती, आणि टोपलीतली पिल्लं दुसऱ्या सकाळी जिवंत निघाली. तानुबाई पाण्यात उतरली. तळ्याचं पाणी ओंजळीने हंड्यात घातलं, पिल्लांना त्याची सवय होईपर्यंत थांबली, मग हंडा कलता केला. पिल्लं सरसरत गेली.

"या गावमा भोई शेत का?" तिने विचारलं.

"आहेत. पिढ्यान्‌पिढ्यांचे. तळं त्यांच्याकडेच आहे," मी म्हणालो.

म्हणजे तिला इथेही जागा नव्हती, हे तिलाही कळलं.

"मंग बरं शे," ती म्हणाली. "मासासले कोणीतरी पाहिजेच."

रिकामा हंडा तिने विसळून माझ्या हातात दिला आणि दोघं घराला कुलूप लावायला परत निघाली.