परातीतलं रक्त

पीण्या औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे दोन पराती मांडल्या होत्या, दोन्हींत हळदीचं पाणी.

"मूल का होत नाही, ते डॉक्टर काय सांगणार?" भस्मस्वामी गरजला. "माझं पाणी सांगेल! दोष असेल त्याच्या हाताला रक्त लागेल!"

हर्षने पहिल्या परातीत हात बुडवला. पाणी पिवळंच राहिलं. मग त्याच्या बायकोने, अनुषाने, स्वामीच्या सांगण्यावरून देवीसाठी विडा लावला आणि तोच हात दुसऱ्या परातीत घातला. बोटांभोवती पाणी लालभडक झालं. बायका किंचाळल्या.

"गर्भ खाणारी बसलीय हिच्या पोटात. झोडून काढतो!"

काथ्याचा ओला दोर अनुषाच्या पाठीवर कडाडला. ती गुडघ्यांवर कोसळली.

तिचे वडील वासुदेव मागे उभे होते. बायको सुनंदा गेल्या वर्षी गेली, आता अनुषा एवढीच त्यांना उरली होती. 'पूजा आहे, या' एवढंच विहीणबाई भागीरथीबाईंनी फोनवर सांगितलं होतं. ते गर्दी फोडत पुढे आले, तर स्वामीच्या चेल्याने तोंडावर काठी हाणली. ओठ फाटला.

"भागीरथीबाई, थांबवा हे! मरेल पोरगी!"

"स्वल्प सोसा, वासुदेवअण्णा. बाधा गेली की सगळं सरी होईल, नीट होईल."

"जावईबापू, तुम्ही स्वतःची तपासणी केलीत का?"

"मला कशाला तपासणी?" हर्ष उसळला. "दिवसभर भट्टीसमोर लोखंड तापवतो. मर्द आहे मी!"

पुन्हा दोर बसला. अनुषाने हात आडवा धरला, तर स्वामीने लाथ घातली. बोट मोडल्याचा आवाज वासुदेवांनी ऐकला. त्यांनी दोर पकडून ओढला, तळहाताची सालटी निघाली, तरी सोडला नाही.

अनुषा दुसऱ्या हाताकडे बघत होती. लाल झालेल्या तळव्यावर, रेषांमध्ये, विड्याचा पांढरा चुना अजून चिकटलेला होता.

"अप्पा, त्याचा हात धरा!"

वासुदेवांनी स्वामीचं मनगट पिरगाळलं. अनुषाने आपला तळवा त्याच्या तळव्यावर घासला आणि त्याचा हात हर्षच्या परातीत कोंबला. पिवळं पाणी लाल झालं.

"काय हो स्वामी, तुमच्याही पोटात बसली वाटतं!" अनुषा ओरडली.

कुणीतरी हसलं. मग चपला निघाल्या. मघाशी हात जोडणारेच आता त्याला तुडवू लागले. पोलीस आले तेव्हा त्याचे दोन दात पडले होते.

दवाखान्यात बोटाला प्लास्टर घालून झाल्यावर डॉक्टर शिल्पाश्री म्हणाल्या, "हळदीला चुना लागला की ती लाल होते. विडा तो स्वामी फक्त बायकांनाच लावायला सांगायचा. पुरुषाच्या हाताला चुनाच नाही, मग पाणी लाल कसं होणार?"

हर्षने खाली मान घालून तपासणी करून घेतली. रिपोर्टमध्ये शुक्राणू कमी होते, हलणारे त्याहून कमी.

"म्हणजे मी मर्द नाही?"

"मर्दपणा इथे मोजत नाहीत. भट्टीची उष्णता हे एक कारण असू शकतं. एका रिपोर्टवर निकाल लागत नाही. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तोवर भट्टीपासून लांब राहा, मग पुन्हा तपासू. बऱ्याच जणांना उपचार आहेत. अनुषाचीही तपासणी करू, पण तिची इच्छा असेल तर."

"माझी इच्छा सध्या एवढीच," अनुषा उठत म्हणाली, "की घरी जायचं. अप्पांच्या."

चिकपेटेतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात कुणी सुनेच्या ओटीसाठी खण मागायला आलं, की वासुदेव आता कापड फाडायच्या आधी विचारतात, "अक्का, मुलाची तपासणी झाली का? एका छोट्या बाटलीचं काम आहे. कुणाला मारावं लागत नाही. आधी ते करून या. खण कुठे पळून जात नाही."