शांताक्कांच्या उशाची बॅटरी

मी एक जुनी इन्व्हर्टरची बॅटरी आहे, मित्रांनो. उमरग्यात हमरस्त्याच्या कडेला भंगाराच्या दुकानात पडून आहे. आता मला फोडून आतले शिसे तेवढे काढून घेतील.

मी शांताक्कांच्या घरी होते. चुलीच्या धुराने त्यांची फुप्फुसे निकामी झाली होती. नाकाला नळी आणि उशाशी ऑक्सिजनचे यंत्र. वीज गेली की ते माझ्यावर चाले. अक्का माझ्याकडे बघून म्हणत, "ही हाय म्हणून मी हाय."

त्यांची लेक शिवलीला शाळेत विज्ञान शिकवायची. गल्लीतल्या मुलांना ती माझ्यापाशी बसवून सांगे, "हिच्यात शिशाच्या पट्ट्या अन् आम्ल असतं. एक पट्टी इलेक्ट्रॉन देते, ते ऑक्सिडीकरण. दुसरी ते घेते, ते क्षपण. दोन्ही एकदमच घडतं अन् त्यातून वीज मिळते. त्या वेळी पट्ट्यांवर पांढरा थर चढतो. चार्ज केलं की क्रिया उलटी होते, थर विरघळतो. पण बॅटरी उतरलेलीच ठेवली तर तो दगडासारखा होतो. मग काही करता येत नाही."

पुढे शिवलीलेची बदली परंड्याला झाली. जाताना तिने धाकट्या भावाला, गौरीशंकरला बजावले, "बॅटरीतलं पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटरच घाल, शुद्ध केलेलं. नळाचं नको."

"व्हय ताई, ध्यानात हाय."

गौरीशंकर वाईट नव्हता. आईला भरवायचा, तिचे पाय चेपायचा. पण टायरच्या दुकानातून त्याला सवड मिळेना. माझ्यातले पाणी आटले, पट्ट्या उघड्या पडल्या. एकदा घाईत त्याने नळाचेच पाणी ओतले. त्यातल्या क्षारांनी पट्ट्या आणखी बिघडल्या. उन्हाळ्यात वीज सारखी जाई, मी अर्धीमुर्धी भरे. पांढरा थर घट्ट होत गेला. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा मात्र लागलेला असे, म्हणून कुणाला शंका आली नाही. मला सांगता येत नव्हते.

वैशाखातल्या एका दुपारी वादळ झाले, विजेचा खांब पडला. यंत्र माझ्यावर सुरू झाले, थोडे चालले, मग शिटी वाजवून बंद पडले. गौरीशंकर बटणे दाबत राहिला.

"लाईट येईल आत्ता, अक्का."

अक्का एवढेच म्हणाल्या, "शिवलीलेला बोलव."

त्याने आईला उचलून रिक्षात घातले. वाटेत झाड आडवे पडले होते, वळसा घ्यावा लागला. दवाखान्यात पोचेपर्यंत अक्का गेल्या होत्या.

विधी उरकल्यावर शिवलीलेने माझे झाकण उघडले आणि आत पाहिले.

"ताई, पाणी घातलं होतं म्या."

"कुठलं?"

त्याने नळाकडे बोट दाखवले. तिने त्याला शब्दाने दुखावले नाही. झाकण लावले आणि आईच्या रिकाम्या खाटेवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी गौरीशंकरनेच मला इथे आणून टाकले.

मित्रांनो, ऑक्सिडीकरण कशाला म्हणतात हे तुम्ही पेपरात बरोबर लिहाल. पण तुमच्या घरी कुणाचा श्वास माझ्यासारख्या बॅटरीवर चालत असेल, तर आजच झाकण उघडून पाणी बघा. हिरव्या दिव्यावर जाऊ नका. माझ्यात आता कुणी कितीही शुद्ध पाणी ओतले, तरी काही व्हायचे नाही.