मोहरीएवढं लोखंड

मी साखळी बोलतेय. दचकू नका, आता मी कुणाला बांधत नाही. टॅम्लिन पेन गावच्या वाचनालयात, दारातून आत आलात की डाव्या हाताला एक काचेची पेटी आहे, तीत मी पडून असते. पेटीवर पाटी आहे, 'क्वाकोने तोडलेली साखळी'. लोक ती वाचतात, मान हलवतात, फोटो काढतात आणि पंख्याखालच्या खुर्च्यांवर जाऊन बसतात.

माझा जन्म इंग्लंडातल्या एका लोहाराच्या भट्टीत झाला. हा लोहार एकाच दिवशी विहिरीसाठी, कुत्र्यासाठी आणि माणसासाठी साखळ्या घडवायचा. मापं तेवढी वेगळी. मी कशासाठी आहे ते मला जमैकाच्या धक्क्यावर उतरल्यावर कळलं.

किती मनगटं, किती घोटे माझ्याशी जोडले गेले, मी मोजले नाहीत. घाम लागला की गंज चढतो, एवढंच मला समजायचं. माणसं रडायची ते ऐकू यायचं, पण आत काही हलायचं नाही. ही बढाई नाही. लोखंड होते, तशी होते.

क्वाको माझ्याशी जोडला गेला तो पकडला गेला म्हणून. टॅम्लिनसाहेबाच्या उसाच्या मळ्यातून तो डोंगरात पळाला होता. धरून आणल्यावर त्याच्या उजव्या मनगटात लोखंडी कडं घातलं, कड्याला मला अडकवलं आणि माझं दुसरं टोक गुऱ्हाळाच्या खांबाला बांधलं. तिथे बसून त्याने भट्टीत चिपाडं सारायची.

गावातल्या भिंतींवरच्या चित्रांत तुम्ही जो क्वाको पाहता, तो हा नव्हे. हा बुटका होता. डाव्या हाताची दोन बोटं चरकात गेलेली. सारखा खोकायचा. साहेब जवळ आला की मी वाजायचे, कारण क्वाकोचा हात थरथरायचा. पण त्या मळ्यावरचे तीनशे लोक त्याचं ऐकायचे. तो हळू बोलायचा आणि दिलेला शब्द विसरायचा नाही, म्हणून असेल.

त्याचं दुपारचं जेवण मिम्बा आणायची. ती मजुरांचा स्वयंपाक करायची. पहिल्या दिवशी तिने उकडलेला नीरफणस त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "जोर लावून बघितलास?"

"बघितला. हात उखडेल, साखळी नाही."

"मग उगाच बैलासारखा ओढू नकोस. खा, आणि जरा असा सरकून बस. मला आडोसा हवाय."

भांड्याच्या तळाशी, नीरफणसाच्या सालींखाली, कोयत्यांना धार लावायची कानस होती. चरक सुरू असला की गुऱ्हाळात स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नसे. त्या आवाजात मिम्बा माझी कड्याजवळची कडी घासायला बसली. तो जेवेपर्यंत घासायचं, मग खाचेत मेण आणि काजळी दाबून भरायची, भांडं उचलून चालू पडायचं. साहेब रोज संध्याकाळी मला ओढून बघायचा. त्याला काही दिसलं नाही.

अशा अकरा दुपारी गेल्या. कडीच्या दोन्ही अंगांना आत मोहरीएवढं लोखंड राहिलं, तेव्हा ती म्हणाली, "बास. बाकीचं तुझं."

बाराव्या दिवशी अंगणात सगळे जमलेले असताना ठरल्या खुणेचा शंख वाजला. क्वाको उठला आणि त्याने हिसका दिला. कडी तुटली. हे तीनशे माणसांनी पाहिलं. अकरा दुपारी कुणी पाहिल्या नव्हत्या.

पुढचं बंड नऊ दिवस चाललं. मळा जळाला, गुऱ्हाळ जळालं. क्वाकोला शहरात नेऊन फाशी दिलं म्हणतात, मी तिथे नव्हते. मी राखेत होते. महिन्याभराने मिम्बाने काठीने राख उकरून मला बाहेर काढलं आणि घरी नेलं. नंतर कित्येक वर्षं मी तिच्या, तिच्या मुलीच्या, नातीच्या शेळ्या बांधल्या. त्या घरात आई मुलीला दोन गोष्टी शिकवायची, कानस कशी धरायची आणि मेणात काजळी किती घालायची. कशासाठी, तेही सांगायची.

बाहेर मात्र क्वाको वाढत होता. कुणीतरी गाणं केलं, त्यात त्याने मला दातांनी तोडलं. शाळेच्या पुस्तकात चित्र आलं, तेव्हा त्याची दहाही बोटं परत उगवली. मग दारूच्या दुकानाच्या भिंतीवर तो आला, उघडा, पिळदार, दारापेक्षा उंच. दर दहा वर्षांनी तो चार बोटं उंच होत गेला. खोकला कधीच गेला होता. एका चित्रात त्याच्या पायाशी पांढऱ्या झग्यातली एक गोरीगोमटी बाई रडत बसली आहे. ती कोण, मला माहीत नाही. मिम्बा तशी बसणाऱ्यातली नव्हती.

गावच्या एका मास्तरांनी या सगळ्याचं नाटक बसवलं. एक ऑगस्टला, गुलामी संपल्याच्या दिवशी, क्रिकेटच्या मैदानावर दुपारी ते व्हायचं. खरी साखळी हवी म्हणून ते मिम्बाच्या घरी आले. मिम्बाच्या वंशातल्या तेव्हाच्या कर्त्या बाईने सांगितलं, "साखळी देते. पण कडी आम्हीच घासणार." तेव्हापासून दर जुलैत अकरा दुपारी माझी टोकाची एक कडी घासली जायची आणि एक ऑगस्टला तुटायची. तुटलेली कडी प्रेक्षकांतलं कुणीतरी खिशात घालून न्यायचं. तेव्हा मी चार पुरुष लांब होते. आता हातभर उरले आहे.

त्या बाईची मुलगी आयोनी. तिने एकेचाळीस वर्षं मला घासलं. लोक तिला 'मिस आयोनी' म्हणायचे, मान द्यायचे, आणि नाटकाच्या दिवशी पहिल्या बाकावर जागा द्यायचे. कशाबद्दल, ते विचारलं असतं तर निम्म्यांना सांगता आलं नसतं.

क्वाकोचं काम बावीस वर्षं लेनवर्थ करायचा. हा गवंडी, दंड चांगले भरलेले. कडी घासलेली असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी दारूच्या दुकानात बसला की बाही वर सरकवायचा आणि म्हणायचा, "हे हात बघा. या हातांनी बावीस वेळा लोखंड तोडलंय." चार लोक हसायचे, पण हाताला हात लावूनही बघायचे. सालागणिक त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं होतं.

मग एका वर्षी जूनमध्ये आयोनीने उत्सव समितीच्या सेक्रेटरीला, मिस्टर पिनॉकना, घरी बोलावलं. लेनवर्थही आला. मी ओसरीवरच्या खिळ्याला टांगलेली होते.

"एक वाक्य घाला," आयोनी म्हणाली. "'कानस मिम्बाने आणली.' बास. त्यापुढे तुमचे ढोल-नगारे काय ते चालू द्या."

पिनॉक म्हणाले, "मिस आयोनी, तुमच्याविषयी आदर आहेच. पण लोक उन्हात तीन तास उभे राहतात ते एका माणसाला साखळी तोडताना बघायला. घासकाम बघायला कोण येणार? ते वेल्डिंगच्या दुकानात फुकट दिसतं."

"आणि माझं काय?" लेनवर्थ म्हणाला. "लोक म्हणतील, आधीच कापलेली होती."

"आधीच कापलेलीच असते, लेनवर्थ."

"ते तुम्हाला आणि मला माहीत, मिस आयोनी."

"तेच म्हणतेय. माझ्या दोन्ही मुली टोरांटोला. कानस धरायला इथे कुणी नाही. मी गेले की कुणाला माहीत असणार? तुला. आणि तू तर सांगायचा नाहीस."

पिनॉक उठत म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

"हे पुढचं वर्ष मी एकवीस वर्षं ऐकतेय," आयोनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. तो आवाज मला ओळखीचा वाटला, लोखंडाचा.

जुलैत ती घासायला बसली. शुगरने तिची बोटं बधिर झाली होती. चुलीवरचं भांडं नुसत्या हाताने उतरवायची आणि फोड आल्यावर तिला कळायचं. पूर्वी खाच किती खोल गेली ते ती अंगठ्याच्या नखाने जोखायची. आता अंगठा काही सांगत नव्हता. एक बाजू बरोबर मोहरीएवढी झाली. दुसऱ्या बाजूला हरभऱ्याएवढं लोखंड राहिलं. मला ते कळत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तिने नेहमीसारखं मेण भरलं, काजळी चोळली आणि मला खिळ्याला लावलं.

एक ऑगस्टला मैदान भरलं होतं. शंख वाजला. लेनवर्थ उठला, गर्जना केली आणि हिसका दिला.

काही झालं नाही.

दुसऱ्यांदाही झालं नाही. मागे मासे तळत बसलेली मर्डेल ओरडली, "लेनवर्थ, सकाळी न खाता आलास काय रे?" मैदान हसलं. तिसऱ्या हिसक्याला त्याच्या मनगटाची साल निघाली आणि रक्त माझ्यावर आलं. ते मला नवीन नव्हतं.

पिनॉक माइकवर "जरा तांत्रिक अडचण" असं काहीसं बोलले. लेनवर्थ मटकन खाली बसला. बावीस वर्षं वागवलेला क्वाको त्याच्या चेहऱ्यावरून उतरला होता. तो हळूच म्हणाला, "मिस आयोनी."

ती केव्हाच उठली होती. कानस तिच्या पर्समध्येच असायची, चर्चच्या रुमालात गुंडाळलेली. दोघांनी धरून तिला मंचावर चढवलं. ती त्याच्या शेजारी बसली.

"कुठे आहे रे खाच? माझ्या बोटांना कळत नाही."

त्याने तिचं बोट धरून कडीवर ठेवलं. "इथे. जरा आतल्या अंगाला. हां."

"गुडघा खाली दे. टेकू हवाय."

त्याने गुडघा दिला आणि ती घासायला लागली. पहिली पाच मिनिटं लोकांनी चेष्टा केली. मग कंटाळले. मग गप्प झाले. ढोलवाल्याने ढोलावर हात ठेवला होता. एवढ्या मोठ्या मैदानावर कानशीचा आवाज आणि मर्डेलच्या कढईचा आवाज, दोनच. थोड्या वेळाने मर्डेलनेही कढई खाली उतरवली.

"आयोनी," ती तिथूनच म्हणाली, "या नाटकात तू कोण गं?"

"मिम्बा," आयोनी म्हणाली. मान वर केली नाही.

"कोण मिम्बा?"

"कानस आणणारी."

वीस मिनिटं लागली. मग तिने कानस बाजूला ठेवली आणि म्हणाली, "बास. बाकीचं तुझं." हे शब्द तिला कुणी शिकवले, की आपसूक आले, मला सांगता येणार नाही. लेनवर्थ उभा राहिला, त्याने मला ओढलं आणि कडी तुटली. टाळ्या उशिरा आल्या. पण आल्या, आणि आयोनीकडे बघून आल्या. इतक्या वर्षांत त्या एका दिवशी मला बरं वाटलं, हे सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्डेल फोन घेऊन आली. नाटकाची चित्रफीत सगळीकडे फिरत होती. किंग्स्टनला, मायामीला, लंडनला. ती नऊ सेकंदांची होती. लेनवर्थ उभा आहे, मनगटातून रक्त गळतंय, तो ओढतो, कडी तुटते. खाली कुणीतरी संगीत घातलं होतं. वीस मिनिटं कोण बघत बसणार?

आयोनीने ती दोनदा पाहिली. "कोपऱ्यात माझा डोक्याचा रुमाल दिसतो का बघ."

मर्डेलने फोन डोळ्यांजवळ नेला. "नाही गं."

"बरं," आयोनी म्हणाली आणि कॉफी करायला उठली.

पिनॉक खूश होते. खरं रक्त आजवर कुठल्या नाटकात निघालं नव्हतं. महिन्याभरात दुकानाच्या भिंतीवरच्या क्वाकोच्या मनगटावर लाल रंग चढला.

नोव्हेंबरमध्ये आयोनी गेली. पुढच्या एक ऑगस्टला अॅल्युमिनियमची नवी साखळी आली, कळ दाबली की सुटणारी, आणि जिममधला एक नवा क्वाको आला. लेनवर्थने मला आणि त्या दिवशीच्या तुटक्या कडीला वाचनालयात आणून दिलं. पाटीवर काय लिहायचं ते पिनॉकनी ठरवलं.

लेनवर्थ दर गुरुवारी येतो. पेटीपुढे उभा राहतो. एकदा परदेशी पाहुण्यांनी त्याला ओळखलं. "तुम्हीच ना ते, साखळी तोडणारे?"

"मी नुसती ओढली," तो म्हणाला. "घासली मिस आयोनीने. आणि तिच्याआधी मिम्बाने."

किती नम्र माणूस आहे, असं पाहुणे आपसांत म्हणाले आणि त्यांनी त्याच्यासोबत फोटो काढला.

मला तुमच्याकडून फार काही नको. कधी इकडे आलात तर पाटी वाचून पुढे जाऊ नका. वाका. माझ्या शेजारी ठेवलेल्या कडीची तुटकी तोंडं बघा. जोराने तुटलेल्या लोखंडाचं तोंड वेडंवाकडं असतं. हिची तोंडं सपाट आहेत, बारीक रेघांची, आणि मधोमध मोहरीएवढा खरबरीत ठिपका आहे. तो ठिपका ओढणाऱ्याचा. बाकी सगळं घासणारीचं.

पाटीवर क्वाकोच्या नावाखाली दोन बोटं जागा रिकामी आहे. एक नाव तिथे सहज बसेल.