दहा रियालला काहीही

सगळ्या वस्तूंना एकच किंमत, हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. साबणाच्या वड्या दहा रियाल, पेचकसही दहा रियाल. मग फसवणूक नक्की कशात? पण दोह्यातल्या आमच्या मालकाने १९९९ साली एका ब्रिटिश कंपनीचा असा माल आणून दुकान उघडलं आणि दारात रांग लागली. सुट्टीवर जाणारे तिथूनच बॅगा भरत. सगळ्यांची भेट एकाच किमतीची, म्हणजे घरी, तिकडे वसईत, कोणी रुसायला नको. मी गोदामात क्लार्क. दुकानातल्या बॅटऱ्या रिकाम्या असणार, असं मी तेव्हा ठासून सांगितलं होतं. त्या छान चालल्या. अजून माझी चेष्टा होते.

२००८च्या डिसेंबरात आलेले खोके मात्र वेगळे होते. हाताने, घाईघाईत चिकटपट्टी मारलेले. मला गुंडाळीचा कागदही वाचायची खोड आहे. एका कपाभोवती त्या ब्रिटिश कंपनीच्या इंग्लंडमधल्या एका शाखेचं ड्यूटीचं वेळापत्रक होतं. पंधरा नोव्हेंबरपर्यंत नावं. तिथून नाताळपर्यंतचे रकाने कोरे. ऐन नाताळात दुकानाला माणसं नकोत? की दुकानच उरलं नव्हतं?

मी कागद घडी करून खिशात ठेवला. कोणाला विचारायचं? मालक तर मेसईदच्या कारखान्यांच्या वसाहतीत असंच दुसरं दुकान काढत होता. त्या दुकानाचा मॅनेजर होणार होता आमचा शेजारी, रत्नागिरीचा रियाज, खताच्या कारखान्यातली चौदा वर्षांची नोकरी सोडून. रोज संध्याकाळी मी त्याच्या दारापर्यंत जायचो. बॅटऱ्या आठवायच्या. परत यायचो.

शेवटी शुक्रवारी दुपारी गेलो. रियाजने कागद उलटसुलट केला आणि हसला.

"अंकल, आता कपाचा कागद वाचून माझं नशीब सांगणार?"

"नशीब नाही रे. नुसती शंका आहे."

"तुमची शंका! बॅटऱ्यांची पण होतीच की."

त्याची बायको मैमुना चहा घेऊन आली. तिने कागद ओढून घेतला. "खाली नंबर हाय. आजारी असाल तर जॅनेटला कळवा, असं लिवलंय. यल्ला, चला, फोन लावा."

"अगं, परक्या बाईला कसा..." मी म्हणालो.

"मग मी लावते. माझं इंग्लिश ऐकून ती खरीच आजारी पडेल."

मी लावला. दोह्याहून बोलतोय, दुकानाबद्दल, एवढंच म्हणालो. पलीकडची बाई एकदम उत्साहाने बोलू लागली. तिने बऱ्याच ठिकाणी अर्ज केले होते आणि त्यांतलाच कोणीतरी नोकरीसाठी फोन करतोय, असं तिला वाटलं. मी नाही म्हटलं. मग तिने सरळ सांगितलं: त्यांची शाखा नोव्हेंबरातच बंद झाली, उरलेल्या नव्या वर्षात होतील. कंपनीच बुडाली होती. फळ्यांवरचा माल तिनेच खोक्यांत भरला होता.

मी फोन ठेवला आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. शंका खरी ठरल्याचं कसलंही समाधान वाटलं नाही.

"खलास," रियाज म्हणाला. "परवाच राजीनामा दिला मी. कालच त्यावर कारखान्याची सही झाली."

इथे अशी सही झाली की जुनी जागा परत मिळत नाही आणि नवा मालक नसेल तर देश सोडावा लागतो. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मैमुनाने कागदाच्या घड्या बोटाने सपाट केल्या. घड्यांवरची छपाई विटून गेली होती. तिने मान वर केली.

"अंकल, हा कागद तुमच्याकडे कवापासून हाय?"

कालच मिळाला, असं म्हणता आलं असतं.

"नऊ दिवस," मी म्हणालो.

रियाजने पायात चपला सरकवल्या आणि राजीनामा मागे घेता येतो का बघायला कारखान्याच्या फोरमनच्या घरी निघाला. मीही उठलो, म्हटलं, सोबत येतो, मी फोरमनला समजावून सांगतो.

"तुम्ही बसा," तो दारातून म्हणाला. "तिथं नक्की काय ते वेळेवर बोलणारा माणूस लागेल."