हिरव्या ग्रहाची रीत

रबरी कानाला गोंद लावून मेकअपवालीने तो राजांच्या कानावर दाबून धरला.

"आता हलू नका हं."

राजे हलत नव्हते. हलत होता तो त्यांचा उजवा हात, आणि तो त्यांनी झग्याच्या आत मांडीखाली दाबून ठेवला होता. उन्हाळ्यापासून ही थरथर मागे लागली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण सेटवर कळलं तर मालिकेतल्या हिरव्या ग्रहाचा राजा दुसराच कुणीतरी होईल, याची त्यांना धास्ती होती. या वयात दुसरं काम कोण देणार? आणि खरं सांगायचं तर, दुसरं काम त्यांना नकोच होतं.

मालिकेतली पृथ्वीवरची माणसं भारी गंभीर. कपाळाला आठ्या घालून ती विश्व वाचवायची. हसवायचा मक्ता हिरव्या ग्रहाकडे. कथा रेंगाळली की लेखक त्या ग्रहाच्या गळ्यात एक नवी रीत बांधून मोकळा व्हायचा. तिथले लोक खुर्चीला विचारून बसत, कुणी शिंकलं की टाळ्या वाजवत, निरोप घेताना एकमेकांचे बूट पुसत. राजांनी मात्र यातलं काहीच कधी खुळ्यासारखं केलं नाही. खुर्चीला ते इतक्या अदबीने विचारत, की ती आता नाही म्हणते की काय, असं वाटावं. म्हणून तर बघणारे त्यांच्यावर जीव टाकत.

आज मेजवानीचा प्रसंग होता. पृथ्वीच्या कप्तानाला राजांनी पेला द्यायचा होता, तोही उजव्या हाताने, कारण कॅमेरा त्याच बाजूला. त्यांनी पेला उचलला आणि व्हायचं तेच झालं. निळं सरबत हिंदकळून कप्तानाच्या पांढऱ्या गणवेशावर सांडलं. संपलं सगळं, राजांना वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या राणीने आपला पेला उचलला. तिचाही हात थरथरत होता. अंगावर खुशाल सरबत सांडू देत ती कप्तानाला म्हणाली,

"पाहुण्याला देताना ज्याचा हात कापत नाही, त्याने मनापासून दिलं असं आम्ही मानत नाही."

हे वाक्य कुणीच लिहिलेलं नव्हतं. पण एकेका दरबाऱ्याचा पेला थरथरू लागला. विश्व वाचवणाऱ्या कप्तानाने जरा विचार केला, आणि आपलाही हात थरथरवत राजांच्या हातून पेला घेतला.

"कट!" दिग्दर्शक हसत उठला. "राहू द्या हे. आजपासून ही त्यांची रीत. सगळ्यांनी बसवून घ्या."

राजांनी हात पुन्हा झग्यात लपवला होता. डोळे भरून आले होते आणि गालावरचा हिरवा रंग ओघळेल म्हणून ते वर दिव्यांकडे बघत राहिले. राणी खुर्ची सरकवून त्यांच्याजवळ आली. वयाने ती त्यांच्या लेकीएवढी.

"राजे, माझं खोटं दिसतंय हो," ती हळूच म्हणाली. "आधी बोटं हलतात की मनगट?"

राजांनी दिव्यांवरची नजर खाली आणली. मग त्यांनी हात झग्याबाहेर काढला आणि सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवला.

"आधी अंगठा," ते म्हणाले. "ये, नीट बघ."