ब्याऐंशी किलोच्या स्की

"वजन?" एन्सिओनं विचारलं.

"ब्याऐंशी," वेइक्को बेधडक म्हणाला.

मी तोंड फिरवलं. कालच सौनाच्या गरम वाफेत मी या माझ्या नवऱ्याची पाठ घासली होती. नुसत्या बरगड्या हाताला लागत होत्या. साठ भरला तरी मिळवली! पण आमच्याकडे, पूर्व फिनलंडात, पुरुषाला दुखणं विचारा, खरं सांगेल. वजन मात्र जवानीतलंच सांगणार. जितकं वजन जास्त तितकी स्की कडक, आणि कडक स्कीवर पळेल तोच खरा गडी. डॉक्टरांनी पुढचा हिवाळा दिसेल असं काही म्हटलेलं नव्हतं. आणि याला हवं होतं एकच: नव्या स्केट स्की, म्हणजे कडेनं बर्फ बाहेर ढकलत पळायच्या, त्या घालून गोठलेल्या तळ्याला एकदा वळसा घालायचा.

दुकान एन्सिओचं, आणि तो याचा शाळेपासूनचा सोबती. त्यानं कडक जोडी फळीवर मांडली, वेइक्कोला वर उभं केलं आणि स्कीखालून कागद सरकवला. अंगाचा भार पडला की कागद मध्येच अडायला हवा. तो सुळकन पार पुढपर्यंत गेला, म्हणजे याच्या वजनानं स्की दबलीच नव्हती.

एन्सिओनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "फर्स्टक्लास! तुझ्याच मापाची."

माझं डोकंच फिरलं. "थापा मारू नकोस. साठवाली काढ. तिच्यावर पळेल तरी."

"साठवाली तू घे, रायली," वेइक्को हसला. "बायकांची असते ती. माझं वजन येईल महिन्याभरात भरून."

"कशानं येईल? दोन चमचे सूप उतरत नाही घशाखाली, आणि म्हणे भरून येईल!"

तो कडक जोडी छातीशी धरून दाराकडे चालू लागला. एन्सिओ उगीच काउंटर पुसत राहिला. मित्र म्हणे! असल्या मित्रापेक्षा वैरी परवडला.

रविवारी लख्ख ऊन होतं, तळ्यावरचा ट्रॅक नुकताच दाबून सारखा केलेला. वेइक्कोनं पाय बाहेर ढकलला. स्की दबेचना, कड बर्फात रुतेना. दुसऱ्या पावलाला तो आडवा झाला. मागून येणारे ओळखीचे लोक नजर चुकवून बाजूनं निघून गेले. मी काखेत हात घालून त्याला उठवलं. किती हलका झाला होता, मेला!

धापा टाकत, खाली बघत तो म्हणाला, "आज बर्फच खराब आहे गं."

साठवालीवर त्याचा वळसा पुरा झाला असता. मला ठाऊक होतं, त्यालाही.

"हो रे," मी म्हणाले, "अगदीच खराब आहे. चल घरी."